शिवेवरच्या वाटा कोणाच्या?

रविवारी पहाटे पुणे शहर अजून झोपेत असताना सिंहगडाच्या रस्त्याला सायकली लागतात. कोणी खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन परततो, कोणी डोणजे ओलांडून घाट चढू लागतो. दुसरी टोळी कात्रजचा जुना घाट धरते, तिसरी बोपदेव चढून सासवडच्या बाजूला उतरते, चौथी पिरंगुटवरून मुळशीच्या दिशेला वळते. त्याच वेळी, त्याच रस्त्यांवरून, आणखीही काही सायकली चाललेल्या असतात. कोणी रात्रपाळीचा पहारा संपवून खोलीवर परतत असतो, कोणी बांधकामावर निघालेला असतो. हँडलला जेवणाचा डबा लटकत असतो. पहिल्यांच्या सायकलीला गिअर असतात, दुसऱ्यांच्या सायकलीला घंटीही धड नसते. दोघांची सहसा ओळख होत नाही. पण शहराच्या कडेला आज जे घडते आहे त्यात दोघांचेही एकच नुकसान आहे, आणि त्याची दखल घेण्याची वेळ आली आहे.

सायकलवरून फिरायला जाणे ही हौशी मध्यमवर्गीयांची चैन आहे, चळवळीने तिच्यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न एखादा कार्यकर्ता विचारील. प्रश्न प्रामाणिक असला तरी त्यामागचे गृहीत तपासले पाहिजे. विसावा ही श्रीमंतांनी दिलेली देणगी नव्हे. आठ तासांच्या दिवसासाठी आणि आठवड्याच्या सुटीसाठी कामगारांनी लढून तो मिळवला आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी १८९४ साली ‘क्लॅरियन’ या साप्ताहिकाच्या नावाने सायकल क्लब काढला. सुटीच्या दिवशी ते गावोगाव फिरत, पत्रके वाटत आणि मोकळी हवाही घेत. जर्मनीत १८९६ साली कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटी’ हा संघ स्थापन झाला. १९३३ मध्ये नाझींनी त्याच्यावर बंदी घातली. मोकळ्या हवेत एकत्र फिरणारी माणसे हुकूमशहाला धोकादायक वाटली, यातच पुष्कळ काही आले.

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. खडकीच्या नि पिंपरीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. ते दिवस गेले. दरम्यान शहराची शीव सरकत राहिली. १९९७ साली भोवतालची अनेक गावे महापालिकेच्या हद्दीत आली, २०१७ साली आणखी अकरा आणि २०२१ साली तेवीस. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, मांजरी, वाघोली ही काल-परवाची गावे आज कागदोपत्री शहर झाली आहेत. हद्दवाढीची चर्चा पाणी, कर आणि कचरा यांच्यापुरती होते. या गावांच्या वाटांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

शहराभोवती सायकलीला खरोखर योग्य अशा वाटा मोठ्या रस्त्यांवर नाहीतच. तेथे डंपर आणि पाण्याचे टँकर यांचे राज्य आहे. तेथे सायकलस्वाराचा जीव चालकाच्या मर्जीवर अवलंबून असतो. चांगल्या वाटा त्या रस्त्यांच्या पाठीमागे आहेत. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारे शिवरस्ते, शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, ओढ्याकाठच्या पायवाटा आणि खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा कालव्याचा काठ, यांचे एक जुने जाळे पुण्याभोवती विणलेले आहे. ते कोणा नियोजनकाराने आखलेले नाही. बैलगाडी, बाजारचा दिवस, माहेर-सासर आणि आळंदी-देहूची वारी यांनी ते घडवले आहे. एका गावातून दुसऱ्या गावात हमरस्त्याला न शिवता जाता येईल, अशी त्याची रचना आहे.

हे जाळे आता एकेका टाक्याने उसवत चालले आहे. शेत बिगरशेती होते, त्यावर भूखंड पडतात, कुंपणाची भिंत उभी राहते आणि पाणंदीच्या तोंडाशी फाटक लागते. फाटकावर ‘खाजगी रस्ता’ अशी पाटी येते आणि शेजारी पहारेकरी बसतो. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट एका पाटीने संपते. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला वळसा घेता येतो. दोन मैलांचा वळसा पडतो तो डबा घेऊन निघालेल्या मजुराला आणि शाळेला निघालेल्या मुलीला, आणि तो वळसा नेमका त्या डंपरांच्या रस्त्यावरून असतो.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून जाण्याचा रस्ता ठरवून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडवलेली वाट खुली करून मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात करण्याचा निर्णयही राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. परंतु हे सारे उपाय मुख्यतः शेतात जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहेत. शेतीच संपली की दाद मागणार कोण? जाणाऱ्या-येणाऱ्या जनतेचा म्हणून काही हक्क आहे, हे मांडायला कोणी उरत नाही.

येथे पुन्हा इंग्लंडचा दाखला उपयोगी पडेल. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण किंडर स्काउटच्या माळावर मनाई मोडून चढले. जमीनदारांनी तो माळ शिकारीसाठी राखून ठेवला होता. त्यांचा विशीतला पुढारी बेनी रॉथमन पोलिसांना चुकवण्यासाठी आगगाडी टाळून सायकलवरून तेथे पोहोचला. त्याला आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना तुरुंगवास झाला. पण १९४९ साली कायदा झाला आणि सार्वजनिक वाटांची पाहणी करून त्यांचे अधिकृत नकाशे तयार करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकललाही मुभा मिळाली. वाट आधी नकाशावर आली, म्हणून ती वाचली.

पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्याची नजर मुख्यतः शहरांतर्गत रस्त्यांवर होती आणि त्यातले पुष्कळसे कागदावर राहिले. नवे मार्ग बांधण्यास पैसा लागतो. असलेल्या वाटा राखण्यास त्या मानाने फार थोडा. मग त्या आधी का राखू नयेत?

एक शंका रास्त आहे. वाटेची नोंद झाली की उद्या तिचाच रुंद रस्ता होईल आणि आपली जमीन जाईल, अशी धास्ती शेतकऱ्याला वाटते. ती खोटी ठरवण्याची जबाबदारी मागणी करणाऱ्यांवरच आहे. म्हणून मागणी नेमकी हवी: जी वाट आहे ती, आहे त्या रुंदीने, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कायम खुली राहावी, मोटारीसाठी नव्हे, पर्यटनगृहांसाठी तर नव्हेच.

काम अवघड नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत मिळते. तीवर गाडीवाट आणि पायवाट दाखवलेली असते. रविवारी फिरायला जाणाऱ्यांनी ती प्रत बरोबर न्यावी, गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावे, वाट कोठे चालू आहे आणि कोठे अडली आहे याची तारीखवार नोंद करावी. जेथे अद्याप ग्रामपंचायत आहे तेथे ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. जेथे गाव शहरात गेले आहे तेथे विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचनांत ती दाखल करावी. गिअरची सायकल आणि डब्याची सायकल या कामात एका बाजूला आली, तर पहाटेची ती अनोळख आपोआप संपेल. सहा महिन्यांची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. फाटक लागले त्या दिवसापासूनच ती मोजली जाते.