शब्दांच्या आड राहिलेली ऊर्जा

मराठीतील ऊर्जाविषयक लेखनात ‘अपारंपरिक’, ‘अक्षय’ आणि ‘नवीकरणीय’ ही विशेषणे बहुधा एकाच अर्थाने वापरली जातात आणि त्यांच्यापाठोपाठ सूर्य व वारा यांचाच उल्लेख येतो. पृथ्वीच्या पोटातील उष्णता आणि समुद्राची भरती, लाटा व तापमानातील फरक यांपासून मिळू शकणारी वीज एखाद्या वाक्यात उरकली जाते. या उपेक्षेला तांत्रिक व आर्थिक कारणे आहेतच. परंतु आपली परिभाषाही तिला काही अंशी जबाबदार आहे, असे माझे मत आहे.

भूगर्भातील उष्णता मराठी माणसाला अपरिचित नाही. संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृतात ‘उण्ह’ आणि त्यातून मराठीत ‘ऊन’ हा शब्द आला. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर या सर्व ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्या नावांतही ‘ऊन’ आहे. लोकांनी जमिनीची ही उष्णता ओळखली, तिच्यावरून स्थळांना नावे दिली. तिच्यापासून वीज मिळते, हे १९०४ मध्ये इटलीतील लार्देरेल्लो येथे पिएरो जिनोरी कोंती यांनी भूगर्भातील वाफेच्या साहाय्याने पाच दिवे लावून दाखवले. पाणी फारसे तापलेले नसले, तरी त्याच्या उष्णतेने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवता येते.

या ऊर्जेला आपण ‘भूऔष्णिक’ म्हणतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द निर्दोष आहे. अडचण आहे ती वापराची. महाराष्ट्रात ‘औष्णिक वीज’ म्हटले की चंद्रपूर, कोराडी, परळी येथील कोळशाची केंद्रे, त्यांचा धूर आणि राख डोळ्यांसमोर येते. ‘भूऔष्णिक प्रकल्प’ हे शब्द प्रथमच ऐकणाऱ्या ग्रामस्थाने त्यातून कोळशाचाच अर्थ घेतला, तर त्याला दोष देता येणार नाही. ‘जमिनीतल्या उष्णतेची वीज’ असे म्हटले, तर त्याच्या गावाच्या नावात दडलेले ज्ञान त्याच्या मदतीला येईल.

‘अक्षय’ या शब्दाची अडचण याहून गंभीर आहे. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ या प्रख्यात भूऔष्णिक क्षेत्रात वाफेच्या भरमसाट उपशामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्पादन घसरू लागले. १९९७ पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी जमिनीत परत सोडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा ही घसरण सावरली. पृथ्वीची उष्णता विपुल आहे. ती वर आणणारे पाणी मात्र मर्यादित आहे. ‘नवीकरणीय’ हा शब्द उच्चाराला अवघड असला, तरी भरपाई व्हावी लागते हे तो सुचवतो. ‘अक्षय’ मात्र ही अट झाकून ठेवतो.

समुद्राच्या बाबतीत आपली भाषा अधिक संपन्न आहे. भरती, ओहोटी, उधाण, भांग हे शब्द किनाऱ्यावर रोजच्या व्यवहारात आहेत. तरीही ‘सागरी ऊर्जा’ या एकाच नावाखाली आपण तीन भिन्न गोष्टी एकत्र करतो. भरती चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येते. म्हणून तिची वेळ आधीच सांगता येते. लाटा वाऱ्यामुळे उठतात. म्हणून त्यांचा भरवसा कमी. तिसरा स्रोत तापमानातील फरकाचा. उष्ण कटिबंधात समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २८ अंश सेल्सिअस, तर हजार मीटर खाली पाणी पाच-सात अंशांचे असते. या तिन्हींचे यशापयश वेगवेगळे आहे. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावरील २४० मेगावॉटचे भरतीचे केंद्र १९६६ पासून चालू आहे. मात्र बांधकामाच्या काळात खाडी बंद केल्याने तिथली जीवसृष्टी उद्ध्वस्त झाली आणि ती सावरायला अनेक वर्षे लागली. केरळात विळिंजम येथे १९९१ मध्ये उभारलेले १५० किलोवॉटचे लाटांचे केंद्र प्रायोगिकच राहिले. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे २००५ पासून तापमानातील फरकाचा उपयोग झाला तो विजेऐवजी समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करण्यासाठी.

शब्द बदलून वीज निर्माण होत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे. परंतु वीज कोठे, कोणाच्या खाडीत आणि कोणाच्या झऱ्याजवळ निर्माण करायची, हा निर्णय केवळ अभियंत्यांचा नसतो. मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीपूर्वी पर्यावरणविषयक अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे. तो सारांश मराठी लिपीत असूनही मराठी माणसाला कळला नाही, तर सुनावणी हा केवळ उपचार ठरतो. ज्याला प्रश्नच नीट मांडता येत नाही, त्याचा होकार आणि नकार दोन्ही दुबळे असतात.

मराठी घेऊन पदवी संपादन करणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांकडून म्हणूनच माझी अपेक्षा आहे. आपल्यापैकी कोणी शिक्षक, कोणी ग्रामपंचायत सदस्य, कोणी वार्ताहर असाल. असा एखादा अहवाल हाती आला, तर त्यातील पारिभाषिक शब्द केवळ पाठ करू नका. आपल्या गावच्या बोलीत तो अर्थ सांगून पाहा. जिथे सांगता येणार नाही, तिथे अहवाल लिहिणाऱ्याला खुलासा विचारा. भाषेच्या अभ्यासकाचे हेही काम आहे.