शहाण्या बाळाचे स्तोम

आमच्या सुशिक्षित घरांत मुलांची स्तुती करण्यासाठी जे शब्द योजले जातात, त्यांत ‘शांत’ या शब्दाइतका मान दुसऱ्या कोणत्याही शब्दास नाही. पाहुणे आले असता जे कोपऱ्यात निमूट बसते, पडल्यावर डोळे पुसून उठते, एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा मागत नाही, ते शहाणे बाळ. याच्या उलट वागणारे ते हट्टी, लाडावलेले. आणि दोष अर्थातच आईचा. या न्यायनिवाड्यात मुलाची साक्ष मात्र कोणी काढीत नाही. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, ज्यास आपण मुलाचा भावनांवरील ताबा म्हणतो तो पुष्कळ वेळा वडील माणसांच्या सोयीचेच दुसरे नाव असतो; आणि ही सोय मुलांना, त्यांतही ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून निराळी आहे अशा मुलांना, फार महाग पडते.

नवल याचे की, असे वागणारा हा वर्ग अरसिक नाही. भरताने आठ स्थायिभाव व तेहतीस व्यभिचारिभाव सांगितले. विभाव म्हणजे भाव उत्पन्न करणारे कारण आणि अनुभाव म्हणजे तो प्रकट करणारे बाह्य चिन्ह, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी महाविद्यालयात घोकलेले असेल. रंगभूमीवर नायिका थरथरली, तर ती का थरथरली हे समजून घेतल्यावाचून कोणी जाणता प्रेक्षक घरी जात नाही. परंतु घरातलाच पाच वर्षांचा मुलगा लग्नाच्या मांडवात कानांवर हात घेऊन जमिनीवर लोळू लागला, की आम्हांस केवळ अनुभाव दिसतो. विभाव शोधण्यास सवड कोणास? बँडचा कल्लोळ, त्यावर ध्वनिक्षेपक, डोळ्यांत भोसकणारे दिवे, अत्तरांचा दर्प, मानेस टोचणारी नव्या झब्ब्याची जर, आणि अनोळखी आत्या-मावश्यांनी एकामागून एक घेतलेले गालगुच्चे, ही सारी तुम्हांआम्हांस सोसतात, म्हणून ती सर्वांस सोसलीच पाहिजेत असे धरून ‘हट्ट’ हा निकाल दिला जातो.

हट्टाला मागणी लागते आणि बहुधा प्रेक्षकही लागतो. हवे ते खेळणे हाती आले, की हट्ट विरतो. आम्ही वर वर्णिलेला उद्रेक खेळण्याने थांबत नाही आणि दटावणीने तर वाढतो. कारण तेथे मागणी अशी काही नसतेच, सोसण्याची सीमा संपलेली असते. ज्यांस स्वमग्न म्हणतात त्या मुलांत हे विशेष आढळते. (हा शब्दच आम्हांस खटकतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून जे नाव रूढ केले त्याचे हे मराठी रूप. त्यात मूल स्वतःतच बुडालेले आहे, असा निवाडा आधीच करून टाकला आहे. परंतु दुसरा शब्द रूढ नसल्याने तोच वापरणे भाग आहे.)

या मुलांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, असे दीर्घकाळ सांगण्यात आले. आमच्या काव्यशास्त्राने मात्र रसास्वादाचा भार प्रेक्षकावरही टाकला आहे. तो सहृदय नसेल तर उत्तम नाटकही त्याच्यापुढे मुके राहते. इंग्लंडातील डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या विद्वानाने २०१२ साली जवळजवळ हाच मुद्दा मांडला: दोन निराळ्या घडणींची माणसे समोरासमोर आली असता आकलनाचा अडथळा दोहों बाजूंनी असतो. मूल नजरेला नजर देत नाही म्हणून त्यास प्रेम नाही असे मानणारा बाप त्या मुलाइतकाच, किंबहुना अधिक, अज्ञ होय. कारण शिकण्याची साधने बापाजवळ जास्त आहेत.

ही साधने कोठे खर्ची पडली ते पाहावे. लॉस एंजेलिस येथील ईव्हार लोवास यांनी १९८७ साली एकोणीस लहान मुलांवरील प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आठवड्यास चाळीस तास शिकवणी. योग्य वर्तनास बक्षीस. अयोग्य वर्तनास मोठ्याने ‘नाही’, प्रसंगी मांडीवर चापट. त्यांपैकी नऊ मुले सर्वसामान्य मुलांसारखी झाली, असा त्यांचा दावा होता. चापट पुढे बहुतेक ठिकाणी गेली, परंतु बाहेरून इतरांसारखे दिसणे हेच यश, ही दृष्टी सहजासहजी गेली नाही. वास्तविक १९९३ सालीच जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी किळस आणणारे चित्रपट दाखवून असे पाहिले होते की, ज्यांस चर्येवर काही दिसू देऊ नका असे सांगितले त्यांची चर्या शांत झाली, किळस मात्र कमी झाली नाही. उलट शरीरातील क्षोभाच्या काही खुणा वाढल्या. आणि २०१८ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जे स्वमग्न प्रौढ आपले वेगळेपण अधिक झाकीत होते त्यांच्यात आत्महत्येचा विचार अधिक आढळला. झाकणे हेच त्याचे एकमेव कारण, असे कोणी म्हणू नये. तथापि शहाण्या बाळाचे पुढे काय होते, हे विचारण्यास एवढे पुरेसे आहे.

‘आमच्या वेळी एक चापट पुरत असे’ असे म्हणणाऱ्या आजोबांशी आमचा वाद जुना आहे, व तो येथे वाढवीत नाही. नवी भीती निराळी आहे. आता वर्गाच्या भिंतीवर रंगीत तक्ते लागतात: निळा म्हणजे मरगळ, हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे अस्वस्थ, लाल म्हणजे भडकलेला. या योजनेच्या मूळ कर्त्या लिआ कायपर्स कोणताही रंग वाईट मानीत नाहीत. पण आमच्याकडे येईतो हिरव्यास शाबासकी आणि लालास कोपरा, असा तिचा अवतार होण्यास उशीर लागत नाही. छडी गेली, तक्ता आला. मागणी तीच, ‘आम्हांस त्रास देऊ नकोस’.

यावर कोणी विचारील, मग मुलाने दुसऱ्यास चावावे काय? मुळीच नाही. राग येणे आणि चावणे या दोन गोष्टी आहेत. दुसरीस बंदी घालताना पहिलीस गुन्हा ठरविण्याचे कारण नाही. हात धरावा, जागा बदलावी, आवाज बंद करावा, आणि बोलणे वादळ ओसरल्यावर करावे. भर उद्रेकात केलेला उपदेश हा मुलाच्या लेखी आणखी एक गोंगाट असतो. नंतर शब्द द्यावेत. रुसवा, चीड, वैताग, त्रागा, हिरमोड, हुरहूर, ओशाळणे, बावरणे, भेदरणे एवढे भांडार ज्या भाषेत आहे, तिच्या लेकरांना आपण ‘राग’ आणि ‘रडू’ या दोन नाण्यांवर संसार करावयास लावतो. भावनेस नाव दिल्याने मेंदूतील भयकेंद्राची खळबळ उतरते, असे मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली दाखविले आहे. मात्र अनेक स्वमग्न माणसांस आपल्याला नेमके काय वाटते हेच उमगत नाही. त्यांस ‘काय झाले ते सांग’ असे दरडावणे क्रूरपणाचे आहे. त्यांना शरीराविषयी विचारावे: छाती धडधडते का, हात गार पडले का, भूक लागली आहे का. वाक्प्रचारही जपून वापरावेत. तळपायाची आग मस्तकात गेली म्हटल्यास शब्दशः अर्थ घेणारे मूल आधी पायाकडे पाहील, आणि त्यात चूक त्याची नव्हे.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे सतरावे कलम शाळेत शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई करते. छळ या शब्दात काय येते, हे शिक्षक-पालकांच्या सभेत एकदा तरी चर्चेस यावे. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक शाळेत एक शांत खोली किंवा निदान पडद्याआडचा कोपरा असावा, आणि तो शिक्षा म्हणून वापरू नये. मुलास कारण न सांगता वर्गाबाहेर जाण्याची मुभा असावी. कानांवर आवरण घालणाऱ्याची थट्टा झाल्यास समज थट्टा करणाऱ्यास मिळावी. आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ध्वनिक्षेपकाचा आवाज निम्म्यावर आणावा. त्यास तर वीजही कमीच लागेल.