बहिष्कृताचे सत्य आणि समाजाचा कायदा

व्हिक्टर ह्यूगोची ‘ल मिझराब्ल’ ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचा नायक जाँ वालजाँ याचे नाव निघाले की बिशप मिरिएलने त्याला देऊन टाकलेली चांदीची शमादाने वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. तो प्रसंग हृद्य आहे यात संशय नाही. परंतु या बहिष्कृताच्या सदसद्विवेकबुद्धीची खरी कसोटी पुढे कित्येक वर्षांनी, तो प्रतिष्ठेच्या शिखरावर असताना लागते, आणि तीत त्याच्याइतकाच त्याचा समाजही तपासला जातो, असे माझे मत आहे.

बहिणीच्या भुकेल्या मुलांसाठी पाव चोरल्याबद्दल पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल चौदा, अशी एकोणीस वर्षे तुलाँच्या बंदिखान्यात सक्तमजुरी करून तो १८१५ साली सुटला, तेव्हा सरकारने त्याच्या हाती, तो सुटलेला कैदी असल्याचे सांगणारा पिवळा परवाना दिला. आणि तो परवाना नगरकचेरीत दाखवल्याची वार्ता पसरताच, पदरचे पैसे देऊ करूनही त्याला खाणावळीत अन्न मिळेना. शिक्षेची मुदत संपली तरी शिक्षा संपू नये, अशी तजवीज खुद्द कायद्यानेच करून ठेवली होती. नाव बदलून तो मादलेन झाला तेव्हाच त्याला काळ्या मण्यांचा कारखाना चालवून एका नगराला सुबत्ता देता आली आणि तेथील नगराध्यक्षपद त्याच्याकडे चालत आले.

येथे ह्यूगोची दृष्टी अधिक कठोर होते. समाजाने टाकलेल्या या मनुष्याने आपल्या कारखान्यात सदाचरणाचा दंडक घातला, आणि त्याच दंडकाच्या आधारे तेथील देखरेख करणाऱ्या बाईने फाँतीन या कामकरणीला, ती अविवाहित माता आहे एवढ्यावरून, नगराध्यक्षाच्या नावाने बडतर्फ केले. त्याला याची कल्पनाही नव्हती. पण अधिकार ज्याच्या नावाने चालतो त्याला अज्ञानाची सबब पुरी पडत नाही, हे तो स्वतःच पुढे ओळखतो.

अशा वेळी शाँमात्यू नावाचा एक निरपराध दरिद्री मनुष्य, तोच वालजाँ होय असे समजून, अरासच्या न्यायालयात उभा केला जातो. मौन पाळले तर त्या गरिबाला, पुन्हा गुन्हा केलेला जुना कैदी म्हणून, जन्मठेप. बोलले तर शेकडो मजुरांची भाकर आणि आता त्याच्याच आश्रयाला असलेल्या मरणोन्मुख फाँतीनचा आधार दोन्ही नष्ट. लोककल्याणच असत्याच्या बाजूने वकिली करीत असता वालजाँ रात्रभर स्वतःशी झगडतो, आणि अखेरीस अरासला जाऊन आपली ओळख देतो. पुढे कारखाना बसतो, नगराची रया जाते.

मग त्याने योग्य केले काय? निःसंशय केले, कारण निरपराधाच्या मानेवर उभारलेली सुबत्ता कितीही जणांना पोशीत असली तरी ती न्याय्य ठरत नाही. परंतु त्यानंतर झालेल्या नाशाचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खरे नाव सांगून त्याला तोच कारखाना उघडपणे चालवता आला असता, तर त्या रात्रीचा पेच उद्भवलाच नसता. म्हणून वालजाँच्या सत्यनिष्ठेपुढे मस्तक नमवणाऱ्या प्रत्येक वाचकावर एक कर्तव्य येते : शिक्षा भोगून आलेला मनुष्य आपला पूर्ववृत्तांत प्रामाणिकपणे सांगून काम मागू लागला, तर त्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला दुसऱ्यांदा शिक्षा न करणे.