अगाशीपासून सुरुवात करा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये नव्या घरांसाठी इको-निवास संहितेचा पहिला भाग आणला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी तो चाळून बाजूला ठेवला. कारण उघड होते. संहिता ऐच्छिक, आणि तीही 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. प्रतापनगरात आपण बांधतो ती टेनामेंट त्याच्या निम्म्या जागेतही बसतात. 2022 च्या कायदादुरुस्तीने निवासी इमारतींवर सक्तीची वाट मोकळी केली खरी, पण ती 100 किलोवॅट जोडभारापासून पुढे. म्हणजे आपल्या एकमजली घराला कोणी विचारायला येणार नाही.

तरीही संहितेतला एक आकडा आपण उचलावा, असे आमचे मत आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी तिने 15 वॅट प्रति चौरस मीटरची मर्यादा घातली आहे. बहुमजली इमारतीत तीच महत्त्वाची. छताचा हिशेब मात्र वेगळा ठेवला असून त्याची यू-व्हॅल्यू 1.2 च्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. तळमजला अधिक एक अशा घरात खरा ताप अगाशीचाच असतो. मे महिन्यात रात्री दहा वाजताही वरच्या खोलीचे छत हाताला गरम लागते, पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो आणि मग एसी येतो.

150 मिमीच्या उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास असते. वर विटांच्या तुकड्यांचा चांगला जाड कोबा केला, तरी ती दोनच्या खाली सहसा उतरत नाही. चायना मोझेकचा पांढरेपणा ऊन परतवतो, यात वाद नाही. पण दोन उन्हाळ्यांच्या धुळीनंतर अगाशी कोण घासते? वॉटरप्रूफिंगवर 25 मिमी एक्सपीएसचा बोर्ड, त्यावर स्क्रीड आणि मग मोझेक असा क्रम ठेवला, तर 1.2 चे गणित सहज जमते. बोर्डांचे सांधे उघडे राहू देऊ नका आणि पाण्याचा ढाळ आधीच पक्का करा, एवढी काळजी पुरे.

यात खर्च वाढतो. तो बिल्डरच्या खिशातून जातो आणि वीजबिलातली बचत घरमालकाला मिळते; ऐच्छिक मानके कपाटात पडून राहतात ती याचमुळे. सक्ती नसताना यावर एकच उपाय दिसतो: गिऱ्हाइकाला आकडा दाखवणे. ग्रॅनाइटचा ओटा आणि नळाची कंपनी माहितीपत्रकात ठळक छापणारे आपण, अगाशीखाली काय घातले ते का लपवतो? बीओक्यूमध्ये सध्या या जागी ‘वॉटरप्रूफिंग, मोझेकसह’ एवढेच असते. पुढच्या साइटच्या कागदांत तिथे इन्सुलेशनची जाडी आणि यू-व्हॅल्यू लिहा, आणि तीच ओळ विक्रीकरारातही येऊ द्या.