'क' वर्गातला पाटील

सरकारनं म्हाताऱ्या कलावंतांची कीर्ती बरीच वर्षं अ, ब, क अशी तोलली. देशभर नाव असलेला 'अ', त्याला महिन्याला ३१५० रुपये मानधन. राज्यात नाव असलेला 'ब', २७००. जिल्ह्यापुरता 'क', २२५०. दम्याचं औषध मात्र तिघांनाही एकाच भावानं. २०२४ मध्ये ही उतरंड मोडली, सरसकट ५००० झाले. छान झालं.

त्या मापानं मी 'क' वर्गातला: झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीवरचा खलनायक. घर रामटेकला, गडाच्या पायथ्याशी. उन्हाळा-पावसाळा पानमळ्यात मजुरी केली. दिवाळी झाली की वडसा गाठायचा. तिथं नाट्यमंडळांची दुकानदारी सुरू होते, तारखा लागतात आणि होळीपर्यंत आज आरमोरी तर उद्या कुरखेडा. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. तालमीला सवड नसते. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य टाकतो, आपण ते झेलून हजारो माणसांवर फेकायचं. पहाटेपर्यंत. दुष्ट पाटील म्हणून माझी एंट्री झाली की बायाबापड्या बोटं मोडायच्या. सिनेमातल्या निळू फुल्यांच्याही वाट्याला तेच आलं. त्यांनीही उमेदीत पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं होतं. त्यांच्या शिव्या महाराष्ट्रभरच्या, माझ्या चार जिल्ह्यांच्या. शिवी तीच, बरं का.

मळ्याच्या मालकानं मला स्टेजवर कधी पाहिलं नाही. त्याच्या लेखी मी वेल बांधणारा, पानं खुडणारा गडी. एकदा रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत कुरखेड्याकडचा कुणी पोराला म्हणाला, "पाय रे, तो पाटील!" मालक शेजारीच उभा होता. तो इकडंतिकडं खराखुरा पाटील शोधत राहिला. वैनगंगेपलीकडं मी पाटील, अलीकडं गडी.

२०२३ मध्ये आमच्यातलेच नट, गुरनोलीचे परशुराम खुणे पद्मश्री झाले. आठशेच्या आसपास भूमिका, पाच हजारांवर प्रयोग, आणि घरची शेती. मुंबईकडच्या कित्येकांनी झाडीपट्टी हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा ऐकला असेल. आम्हाला आनंद झालाच, पण थोडं हसूही आलं. पाच हजार रात्री गावांनी जे कबूल केलं होतं, ते दिल्लीचा शिक्का बसल्यावर खरं ठरलं.

मानधनाच्या अर्जाचंही तसंच. वर्ग गेले, पण कलेत आयुष्य घालवलं याचे कागद जोडा. आमचे कागद कुठले? नाटकाची पत्रकं दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या पुड्या होतात. त्यातही हिरो आणि नागपूरहून आणलेली नायिका यांचे फोटो मोठे, आम्ही खाली बारीक अक्षरात. प्रॉम्प्टरचं नाव तर क्वचितच. (आमच्यातही अ-ब-क आहे, ते कशाला लपवू? हिरो कारनं येतो, आम्ही सामानाच्या गाडीत पडद्यांवर झोपतो. नाइट, म्हणजे रात्रीचे पैसे, तीही तशीच, ज्याची त्याची.) ज्यानं वर्तमानपत्रवाले सांभाळले त्याची फाइल जाड. ज्यानं रात्री जागवल्या त्याच्याकडं बसलेला घसा.

माझं मागणं साधं आहे. ज्या गावांनी नाटकं लावली, त्यांच्या ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून धरा. म्हाताऱ्या बायांना विचारा, वीस वर्षांपूर्वीचा खलनायकही त्या नावानिशी सांगतील. निवड समितीला खात्री करायची असेल तर हिवाळ्यात एकदा शंकरपटाच्या गावी यावं. खुर्चीची तिकिटं मी काढतो. फक्त बसवीन विंगेच्या बाजूला, जिथून प्रॉम्प्टर दिसतो.