शिदोरी पाण्याच्या हिशेबाने

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकाच वेळी दोन तयाऱ्या सुरू होतात. एक फराळाची आणि दुसरी अस्तंब्याला निघालेल्या पोरांच्या शिदोरीची. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून निघणारी ही यात्रा कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा, भीमकुंड असे टप्पे घेत सातपुड्याच्या माथ्यावर पोचते. भूगोलाच्या पुस्तकात ‘अस्तंभा 1325 मीटर’ एवढीच नोंद असते. तळोदा तापीकाठच्या सपाटीवर वसलेलं असल्यामुळे पायी जाणाऱ्याच्या वाट्याला हजार मीटरहून जास्त चढ येतो. डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा या डोंगरात आहे आणि वाट चुकलेल्याला तो मार्ग दाखवतो, ही इथली श्रद्धा. त्या श्रद्धेपायी दरवर्षी हजारो माणसं हा डोंगर चढतात, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पिशवीत घरच्या कुणीतरी काहीतरी बांधून दिलेलं असतं.

ते काय असावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. आपण शिदोरी भुकेच्या हिशेबाने बांधतो. पोराला कमी पडू नये म्हणून डबा भरून चिवडा, शेव, वर दोन पुडे बिस्किटं, चार पाकिटं नूडल्स. खरं तर ती बांधायला हवी पाण्याच्या हिशेबाने. चढावर घाम गाळत चालणाऱ्याला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे खांद्यावर एक किलो. अन्न कमी पडलं तर माणूस एक दिवस ओढून नेतो, पण पाणी कमी पडलं की दुपारपर्यंत पाय गळतात. म्हणून पिशवीत जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाला आधी विचारावं, की बाबा, तुला खाल्ल्यावर मला किती पाणी प्यावं लागेल?

या कसोटीवर चिवडा पहिल्यांदा बाद होतो. तो जागा अडवतो, वजनाने हलका असल्याने पोट भरत नाही, आणि मीठ-मसाल्यामुळे तहान वाढवतो. नूडल्सचं तर विचारूच नका. पाणी हवं, जाळ हवा, भांडं हवं, आणि मागे उरतं चकचकीत पाकीट. ऑक्टोबरात सातपुड्याचं गवत वाळायला लागलेलं असतं; तिथे पेटवलेली चूल विझली असं समजून पुढे निघणं म्हणजे डोंगराशी दगा आहे.

मग ठेचा? नंदुरबारच्या माणसाला मिरचीशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल होऊन पसरतात तो हंगामही दिवाळीनंतर लवकरच येतो, त्यामुळे इथे कुणाला मिरची सोडा म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. ठेचा लागला म्हणून घटाघटा पाणी प्यायलं की पाणी संपतं आणि जळजळ तशीच राहते. त्या वेळी तूप लावलेल्या दशमीचा घास चावावा, वर गुळाचा खडा तोंडात धरावा. बाटली उघडायची गरज पडत नाही. मीठ मात्र अजिबात वगळू नये. घामावाटे गेलेलं मीठ भरून काढावंच लागतं. कागदात बांधलेली चिमूटभर साखर-मिठाची पुडी आणि दोन लिंबं त्यासाठी पुरतात.

आता भाकरीकडे येऊ. आमच्याकडच्या दादर ज्वारीच्या भाकरीवर माझा जीव आहे, कळण्याच्या भाकरीवर त्याहून जास्त. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती काळपट भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवशीच्या दुपारी देवनदीकाठी उघडली, तर यापरतं जेवण नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच भाकरी कोरडी, कडक होते. घशाखाली उतरवायला पाणी लागतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि शिजलेलं पीठ गार होत गेलं की आतून ताठ होत जातं. म्हणून भाकरी फक्त पहिल्या जेवणापुरती बांधावी, बाकी मदार दशम्यांवर.

दशमी हा प्रवासासाठीच जन्मलेला पदार्थ आहे. गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घ्यायचा. कणकेत तेलाचं मोहन घालायचं, चिमूटभर मीठ, आणि त्या गुळाच्या दुधात घट्ट मळायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. गूळ पिठातला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे दशमी मऊही राहते आणि लवकर बिघडतही नाही. भाजताना आच मध्यम हवी, नाहीतर गुळामुळे बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. खरी परीक्षा पुढे आहे. तव्यावरून उतरलेली दशमी थेट स्टीलच्या डब्यात गेली, की वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली टपकतं आणि सगळ्यात वरच्या दशमीपासून बुरशीला सुरुवात होते. माझी आई दशम्या सुती फडक्यावर एकेक सुट्या पसरायची, उलटून पुन्हा पसरायची, आणि हाताच्या पाठीला अजिबात ऊब लागेनाशी झाली की मगच एकीवर एक रचून त्याच फडक्यात गाठ मारायची. घाई केली की ओरडायची, ‘भाकर असो का दशमी, पहिले गार होऊ दे, मग बांध.’ त्या फडक्याने उरलासुरला ओलावा शोषला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कोंडला जातो.

दुसरं सोनं म्हणजे सातू. गहू ओलवून, कांडून, कोंडा पाखडून टाकायचा, मग खमंग भाजायचे. त्यात डाळ्या, थोडी सुंठ, वेलदोडा घालून बारीक दळायचं. सातूला पाणी लागतं, हे खरं. पण ते पाणी पोटात जाणारंच असतं, वाया काहीच जात नाही. मूठभर सातू, गुळाचा खडा, पेलाभर पाणी. ढवळलं की जेवण तयार. भाजतानाच धान्य शिजलेलं असतं, म्हणून वर जाळ लागत नाही. तिबेटमध्ये भाजलेल्या जवाच्या पिठाला त्साम्पा म्हणतात आणि त्या पठारावरची माणसं पिढ्यानपिढ्या ते चहा-लोण्यात कालवून खात आली. उंचावर राहणाऱ्यांनी आणि उंचावर जाणाऱ्यांनी एकच उपाय शोधावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वजनाचा हिशेबही पाहावा. पिठा-साखरेच्या एका ग्रॅममागे 4 किलोकॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅममागे 9. म्हणून भाजलेले शेंगदाणे आणि गूळ मुठीत मावतात, पण तासभर चालवतात. फराळातलं काही न्यायचंच असेल तर शंकरपाळे न्या. कोरडे, तुपाच्या मोहनाचे, पिशवीत चेपले तरी काही बिघडत नाही. करंज्या मात्र घरीच ठेवा, परतल्यावर खायला.

आणि एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्या गिर्यारोहकांच्या यादीत कधी दिसत नाही: आमचूर. धडगाव, मोलगीच्या बाजारात उन्हाळ्यात वाळवलेल्या कैरीच्या फोडींचे ढीग लागतात. इथल्या आदिवासी कुटुंबांच्या हाती त्या दिवसांत रोकड येते ती या फोडींची. अशी एक फोड गालात धरली की तोंडाला पाणी सुटतं आणि चढावर कोरड पडत नाही. तहान भागत नाही, हे विसरू नये. पण बाटलीकडे वारंवार जाणारा हात थांबतो. माणशी आठ-दहा फोडी पुरेत.

डोंगराच्या ओढ्यांना दिवाळीत पाणी असतं, पण इतक्या गर्दीत ते तसंच ओंजळीने पिऊ नये. क्लोरीनच्या गोळ्या खिशात ठेवाव्यात, टाकून अर्धा तास थांबावं. ओढ्यात खरकटं धुऊ नये, ते पाणी खालच्या पाड्याचं पिण्याचं असतं.

पाड्यांचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगते. धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके कुपोषणाच्या बातम्यांमुळेच राज्याला माहीत झालेत. त्याच डोंगरातल्या माणसांनी मक्याची, ज्वारीची जुनी वाणं पिढ्यानपिढ्या राखली. बाएफसारख्या संस्थेने धडगाव भागात त्या वाणांच्या जतनाचं काम केलं, ते या शेतकऱ्यांच्या कणगीत बी शिल्लक होतं म्हणूनच. ही माणसं दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नाहीत. म्हणूनच आपली शिदोरी पुरेशी असायला हवी. आपण कमी बांधून जायचं आणि मग एखाद्या माउलीने तिच्या घरातलं पीठ आपल्यासाठी काढायचं, हे मला पटत नाही. सीताफळं, काकड्या वाटेवर विकायला असतील तर जरूर घ्या, घासाघीस न करता घ्या. ती खाल्ल्याने पाणीही वाचतं, कारण त्यांच्यात ते असतंच.

पिशवी भरताना जे आधी खायचं ते वर ठेवा: भाकरी आणि कांदा सगळ्यात वर, मग दशम्या, सातूची पिशवी तळाशी. पाण्याच्या बाटल्या दोन वेगवेगळ्या बाजूंना, म्हणजे एक गळली तरी दुसरी हाताशी राहील. शेंगदाणे-गूळ खिशात, पिशवी न उतरवता हात जाईल असे. रिकाम्या पुड्यांसाठी एक कापडी पिशवी वेगळी घ्या आणि ती भरूनच खाली आणा. सातू चार दिवस आधी दळून ठेवला तरी चालतो, शंकरपाळे आठवडाभर आधी. दशम्या मात्र निघायच्या दिवशी पहाटेच करा. आदल्या दिवशी केल्या तर त्यांचा एक टिकाऊ दिवस घरातच संपतो.