उसासा म्हणजे आठवण नव्हे

संगणकावर आगगाडी चालवण्याच्या खेळाचे जुने दिवस आठवून गहिवरण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली आणि आज चाळिशी ओलांडलेली मंडळी २००१ सालच्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’चे नाव निघताच डोळे मिटतात आणि म्हणतात, “ते दिवस वेगळेच होते.” पुढे काही सांगत नाहीत. या न सांगण्यालाच आमचा आक्षेप आहे.

संगणकावरचा खेळ म्हणजे पोरखेळ, त्यावर साहित्यप्रेमींनी पाने का खर्चावीत, असे काही ज्येष्ठ वाचकांना वाटेल. त्यांना विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाचावे. ज्या रोगाविषयी आम्ही लिहीत आहोत तो या खेळापुरता नाही. तो आपल्या घराघरांत आहे.

आधी खेळ काय होता ते सांगू. इंग्लंडच्या ‘कुजू’ या संस्थेने तो घडवला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. त्यात सहा मार्ग होते: इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल, ऑस्ट्रियातला इन्सब्रुक–सेंट अँटन, अमेरिकेतले दोन आणि जपानमधले दोन. कुठे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे वाफेचे इंजिन, कुठे अमेरिकेची वेगवान ‘असेला’, कुठे क्यूशू बेटावरचा एका डब्याचा डिझेल रेलकार. खेळणाऱ्याने शत्रू मारायचे नव्हते की गुण लुटायचे नव्हते. वाफेचा दाब राखायचा, सिग्नल पाळायचे आणि वेळेवर स्थानकात उभे राहायचे, एवढेच काम. या संयमाचे कौतुक आम्हीही करतो.

पण गहिवरणारी मंडळी म्हणतात की तो खेळ साधा होता, निर्मळ होता, नंतर धंदा शिरला. हे विधान तपासून पाहावे. त्यातली झाडे म्हणजे सपाट चित्रे होती, ब्रेकचे गणित अनेक ठिकाणी प्रत्यक्षाशी जुळत नव्हते, आणि मार्ग बांधण्याची जी साधने सोबत दिली होती ती ऐन कामात बंद पडत. निर्मळतेचे म्हणाल, तर जगातल्या एका बलाढ्य कंपनीने तो नफ्यासाठीच विकला. हिशेब बदलला तेव्हा तिने २००३ मध्ये जाहीर केलेली दुसरी आवृत्ती २००४ मध्ये सोडून दिली. २००७ मध्ये पुन्हा घोषणा झाली. २००९ मध्ये ते काम करणारा विभागच बंद झाला. धंदा पहिल्या दिवसापासून होता. तो तेव्हा दिसला नाही, याचे कारण पाहणाऱ्याचे वय.

मग त्या दिवसांत मोलाचे काही नव्हते काय? होते. पण जे होते त्याचे नाव या मंडळींच्या तोंडी क्वचितच येते. त्या खेळात इंजिनाचे वजन, ताकद, ब्रेक यांची सारी माहिती साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवलेली होती. कोणीही ती उघडावी, वाचावी, बदलावी. जमीन सुमारे दोन किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत मांडलेली होती. असे चौकोन जोडत जाऊन त्यावर एकेक तुकडा रूळ टाकावा आणि आपल्या गावचा मार्ग बांधावा, अशी सोय होती. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरच्या उंचसखलपणाची मोजणी केली. ती माहिती पुढे सर्वांना खुली झाल्यावर हौशी मंडळींनी खऱ्या डोंगरदऱ्या या खेळात उतरवल्या. आपल्याकडच्या तरुणांनी वाराणसीच्या कारखान्यातले २,६०० अश्वशक्तीचे ‘डब्ल्यूडीएम-२’ हे डिझेल इंजिन त्यात आणले, आपले डबे आणले.

असे काम करायला काय लागे? घाटात चढ किती, वळण किती अंशांचे, सांधा कोठे, होम सिग्नल स्थानकापासून किती दूर, फलाट उजव्या हाताला की डाव्या, हे सारे माहीत असावे लागे. ‘आमचा घाट फार अवघड होता हो’ या वाक्यावरून संगणक घाट बांधत नाही. तो विचारतो, किती अवघड? आकडा दिला नाही तर पुढे सरकत नाही. आणि खोटा दिला, तर खरी गाडी जेथे धापा टाकते तेथे ही सुसाट निघून जाते. ज्या मुलाने आपल्या आजोळचा बारा किलोमीटरचा मार्ग या रीतीने बांधला, त्याला तो मार्ग रोज प्रवास करणाऱ्यापेक्षा अधिक कळला. त्या दिवसांची खरी मिळकत ही होती. आज डोळे मिटून उसासा टाकणाऱ्यांपैकी कितींनी एक तरी स्थानक बांधले होते?

दुसरे रडगाणे असे की आजच्या खेळांत एकेक मार्ग, एकेक इंजिन वेगळे विकत घ्यावे लागते. हे खरे आहे आणि खिशाला जाचक आहे. परंतु त्यावरून ‘आता काही उरले नाही’ असा निष्कर्ष काढणे हा पळपुटेपणा आहे. काही लोक रडत बसले नाहीत. त्यांनी ‘ओपन रेल्स’ नावाचा नवा प्रोग्राम लिहायला घेतला, २०१५ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती दिली आणि जुन्या खेळासाठी हौशी हातांनी बांधलेले मार्ग नव्या संगणकांवर धावते केले. तो विनामूल्य आहे, त्याची आतली रचनाही सर्वांना खुली आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला वारसा सामान्य माणसांनी फावल्या वेळात सांभाळला. जुन्या दिवसांवर खरे प्रेम कोणाचे, हे आता वेगळे सांगायला नको.

याच खेळातल्या सेटल–कार्लाइल मार्गाची कथा आमच्या म्हणण्याला आणखी पुष्टी देते. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने हा खरा मार्ग बंद करायचे ठरवले होते. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल जीर्ण झाला आहे, दुरुस्ती परवडणार नाही, हे मुख्य कारण. लोकांनी तेव्हा केवळ विरहगीते लिहिली असती तर मार्ग गेला असता. त्यांनी बावीस हजारांवर हरकती नोंदवल्या. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, कारण तो तिकीट काढून प्रवास करणारा उतारू होता! पुलाची प्रत्यक्ष तपासणी झाली तेव्हा दुरुस्तीचा खर्च फुगवून सांगितल्याचे उघड झाले. एप्रिल १९८९ मध्ये मार्ग वाचला. बारा वर्षांनी तो खेळात आला आणि जगभरच्या मुलांनी त्या पुलावरून इंजिन हाकले. खऱ्या मार्गावरून गाड्या आजही धावतात.

आता आपल्याकडे वळू. आम्हा इंदूरकरांना मीटरगेजचे फार प्रेम. इंदूर–खंडवा मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. महू ते ओंकारेश्वर रोड हा त्याचा उरलेला मीटरगेज भाग २०२३ च्या आरंभी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाला. ग्वाल्हेरच्या आप्तांची शिंदेशाही छोटी गाडी, ग्वाल्हेर ते श्योपूर, सुमारे दोनशे किलोमीटर, २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. बडोद्याच्या मंडळींचा डभोई–मियागाम मार्ग १८६२ मध्ये बैलांनी ओढलेल्या डब्यांनी सुरू झाला होता. त्या परिसराचे रूपही आता ब्रॉडगेजने पालटले आहे.

या गाड्यांवर आपल्या मंडळांच्या अंकांतून किती लेख आले! त्यांत झुकझुक आहे, खिडकीतली हवा आहे, आजीची शिदोरी आहे. पण कालाकुंडहून पाताळपाणीला चढताना चाळीसास एक असा चढ होता, हे किती लेखांत आहे? गाडीला मागून इंजिन लावीत ते कोठे जोडीत, कोठे सोडीत, चालक कोणत्या खुणेवर ब्रेक टाकी, टंट्या मामाच्या ठाण्याशी गाडी थांबे ती किती वेळ, हे कोणी लिहिले? शिदोरी सगळ्यांच्याच आजीने बांधली होती. तो चढ मात्र त्या एकाच जागी होता, आणि तीच नोंद आपण ठेवली नाही.

मार्ग रुंद होऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. लोकांना वेगाची गाडी हवी, ती त्यांना मिळालीच पाहिजे. आमचे भांडण रेल्वेशी नाही, आपल्या घरातल्या उसाशांशी आहे. निवृत्त चालक, गार्ड, स्टेशनमास्तर अजून आपल्या गल्ल्यांत राहतात. त्यांतले अनेक ऐंशीच्या पुढे आहेत. जुनी चालू वेळापत्रके कोणाच्या तरी पेटीत आहेत. आणि ती माहिती घेऊन मार्ग जसाच्या तसा बांधू शकणारी नातवंडे आपल्याच घरात संगणकासमोर बसलेली आहेत, ज्यांना आपण ‘खेळ पुरे’ म्हणून उठवतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘ते दिवस वेगळेच होते’ असे म्हणाला, तर त्याला अडवून विचारावे: वेगळे म्हणजे कसे? चढ किती होता? सिग्नल कोठे होता? उत्तर आले तर ते उतरवून घ्यावे. उत्तर नसेल, तर ज्याला ते ठाऊक आहे त्या म्हाताऱ्याचे दार या आठवड्यातच ठोठवावे.